पेटी, विहीर आणि कणगी : घनफळाचा एक पाठ

गणिताच्या पुस्तकांत घनफळाचें प्रकरण बहुधा शेवटीं शेवटीं येतें, आणि परीक्षा तोंडावर आलेली असल्यामुळें तें घाईघाईनें उरकलें जातें. चार सूत्रें पाठ होतात, दहा उदाहरणें सुटतात, आणि जून उजाडेपर्यंत सूत्रेंही विसरलीं जातात. वास्तविक शाळेंतील गणितांत ज्याच्यावर घरांतला रोख पैसा खर्ची पडतो असें एखादें प्रकरण असेल तर तें हेंच होय. रेती, खडी, विहिरीची खोदाई, लांकडाचे ओंडके, उन्हाळ्यांतील पाण्याचा टँकर, या सर्वांचा हिशेब घनफळावर चालतो, आणि तो हिशेब ज्याला समजतो तो पैसे घेतो व ज्याला समजत नाहीं तो देतो. म्हणून या पाठाला आम्ही पालकांनाही बसवून घेणार आहों. त्यांनीं शाळा सोडून पुष्कळ वर्षें झालीं असलीं तरी चिंता नाहीं. गुणाकार येत असला म्हणजे पुरे.

लांबी मोजावयास आपण लांबीचेंच माप घेतों, म्हणजे फूटपट्टी. जमिनीचें क्षेत्र मोजावयास क्षेत्राचेंच माप लागतें, म्हणजे एक फूट लांब व एक फूट रुंद अशी फरशी. त्याच न्यायानें जागा मोजावयास जागेचाच तुकडा हवा, आणि तो म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच असा ठोकळा. यालाच घनफूट म्हणतात. एखाद्या पेटींत असे किती ठोकळे मावतील, या प्रश्नाचें उत्तर म्हणजेच त्या पेटीचें घनफळ.

समजा, एक पेटी आंतून ६ फूट लांब, ४ फूट रुंद व ३ फूट उंच आहे. तळाशीं ठोकळ्यांचा एक थर मांडूं. एका ओळींत ६ ठोकळे, अशा ४ ओळी, म्हणजे थरांत २४ ठोकळे बसले. हा थर एक फूट उंचीचा झाला. पेटी तीन फूट उंच आहे, तेव्हां असे तीन थर बसतील. २४ त्रिक ७२. पेटीचें घनफळ ७२ घनफूट. येथें लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार झाला हें खरें. पण मुलांनीं तो तसा ध्यानांत ठेवूं नये. ‘एका थरांत किती, आणि थर किती’ असाच ध्यानांत ठेवावा. कारण लांबी-रुंदीचा गुणाकार पेटीपुरताच चालतो. थरांचा विचार मात्र विहिरीच्या तळापर्यंत आपल्याबरोबर येतो.

आपल्या भाषेंत या आकृतीला नांवही थरांवरूनच पडलें आहे. पेटीच्या आकाराला पुस्तकांत इष्टिकाचिती म्हणतात. इष्टिका म्हणजे वीट, आणि चिती म्हणजे रचलेला ढीग. चिता हा शब्द त्याच धातूचा. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं रचलेल्या लीलावतींत विटांच्या ढिगाच्या हिशेबाला चितिव्यवहार म्हणून वेगळें प्रकरणच आहे. त्याच्या शेजारीं खड्डे-विहिरींचा खातव्यवहार, लांकूड करवतण्याचा क्रकचव्यवहार आणि धान्याच्या राशीचा राशिव्यवहार अशीं प्रकरणें आहेत. नांवांवरूनच दिसतें कीं हें गणित खळ्यांत, गवंड्याच्या कामावर आणि सुताराच्या अंगणांत वाढलेलें आहे. खड्ड्याचा त्यांचा नियम आपल्या नियमासारखाच : तोंडाचें क्षेत्रफळ काढावें व त्यास खोलीनें गुणावें. शिवाय खड्डा सगळीकडे सारखा नसेल तर रुंदी अनेक ठिकाणीं मोजून त्यांची सरासरी घ्यावी, आणि लांबी-खोलीचेंही तसेंच करावें, असें ते सांगतात. ज्यानें स्वतः खड्डा मोजला आहे त्यालाच ही सूचना सुचावी.

आतां जरा वेगळी आकृति घेऊं. कौलारू घराच्या आढ्याखालचा माळा पाहा. घर ३० फूट लांब व १६ फूट रुंद आहे, आणि भिंतींच्या माथ्यापासून आढें ७ फूट उंच आहे. माळ्यावर किती जागा आहे? येथें पुष्कळ विद्यार्थी ३० गुणिले १६ करून तळाचें क्षेत्रफळ काढतात आणि मग त्याला ७ नें गुणतात. उत्तर नेमकें दुप्पट येतें. कारण पहिला थर जेवढा रुंद आहे तेवढा दुसरा नाहीं. वर जावें तसतसें छप्पर जवळ येत जातें. मग सारखे थर आहेत तरी कोठें? घराच्या दर्शनी त्रिकोणाकडे, म्हणजे पाखाडीकडे, तोंड करून उभे राहा व पावाचे काप करावे तसे माळ्याचे उभे काप मनांत करा. प्रत्येक काप तोच त्रिकोण, १६ फूट पायाचा व ७ फूट उंचीचा. त्याचें क्षेत्रफळ ५६ चौरस फूट, आणि असे काप ३० फूट लांबीभर. म्हणून घनफळ १६८० घनफूट.

याचा अर्थ असा कीं चितीचा ‘तळ’ म्हणजे ज्यावर ती टेकली आहे ती बाजू नव्हे. कोठेंही कापलें तरी जी आकृति तशीच निघते ती तिचा तळ. चिती आडवी निजलेली असली म्हणजे तिचा तळ आपल्यासमोर उभा असतो. शेतांतला चर असाच आहे. वर ६ फूट, तळाशीं ४ फूट रुंद व ३ फूट खोल असा चर घेतला तर त्याच्या कापाचें क्षेत्रफळ सरासरी रुंदी ५ गुणिले ३, म्हणजे १५ चौरस फूट. शंभर फूट चराची माती १५०० घनफूट. तळ त्रिकोणी असो, षट्कोनी असो, कीं नागमोडी असो, नियम बदलत नाहीं : कापाचें क्षेत्रफळ गुणिले त्याला लंब असलेली लांबी.

‘लंब’ हा शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे. वीस वह्यांची चळत टेबलावर सरळ ठेवा, आणि मग तिला बोटानें ढकलून तिरपी करा. वह्या त्याच, कागद तेवढाच, टेबलापासूनची उंचीही तीच; म्हणून घनफळ तेंच. फक्त तिरपी कड मात्र लांब झाली. तिरप्या कडेनें गुणणारा मनुष्य जास्त घनफळ सांगेल व तें चूक असेल. इटलींतील काव्हालिएरी नांवाच्या गणितज्ञानें १६३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हाच विचार मोठ्या प्रमाणावर मांडला आहे.

आतां विहिरीकडे वळूं. वाटोळ्या तळाच्या चितीला वृत्तचिती म्हणतात. तिला नवा नियम लागत नाहीं. तळ षट्कोनी असतांना नियम चालला, बारा कोनांचा असतांना चालला, शंभर कोनांचा असतांनाही चालेल. आणि शंभर कोनांची आकृति व वर्तुळ यांत डोळ्याला फरक दिसत नाहीं. कोन वाढवीत जावे तसतशी ती आकृति वर्तुळाच्या वाटेल तितकी जवळ जाते. वर्तुळाचें क्षेत्रफळ म्हणजे त्रिज्येच्या वर्गाची २२/७ पट. भास्कराचार्यांनीं व्यवहाराला २२/७ व सूक्ष्म हिशेबाला ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६, अशीं दोन मानें दिलीं आहेत. आपलें काम पहिल्यानें भागेल.

समजा, विहिरीचा व्यास २१ फूट व खोली ४० फूट आहे. त्रिज्या साडेदहा फूट, तिचा वर्ग ११०.२५, त्याची २२/७ पट ३४६.५ चौरस फूट. गुणिले ४०, म्हणजे १३,८६० घनफूट. महाराष्ट्रांत खोदाई, रेती व खडी यांचा दर ब्रासावर बोलतात, आणि १०० घनफुटांचा एक ब्रास. भारतांत १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें-मापें आलीं, शेर व मण गेले, पण ब्रास कांहीं हटला नाहीं. तेव्हां ही विहीर १३८.६ ब्रासांची झाली.

आतां ही विहीर मोजणारा मनुष्य आला आणि त्यानें टेप आडवा धरला, २१, उभा धरला, २१, खोली ४०, आणि २१ गुणिले २१ गुणिले ४० करून १७,६४० घनफूट, म्हणजे १७६.४ ब्रास, असा आंकडा कागदावर टाकला. कागद पाहणाराला गुणाकार बरोबर दिसतो, कारण तो बरोबरच असतो. पण ही चौकोनी विहीर झाली. न खोदलेल्या ३७.८ ब्रासांचे पैसे शेतकऱ्याच्या अंगावर बसले. ते चार कोपरे अजून जमिनींतच आहेत. यावर सोपा ताळा असा : चौरसांत बरोबर बसणारें वर्तुळ त्या चौरसाच्या ११/१४ असतें. चौकोनी हिशेबाला ११ नें गुणून १४ नें भागावें कीं वाटोळा हिशेब निघाला. १७६.४ चें करून पाहा.

गंमत अशी कीं लांकडाच्या वखारींत हाच अपूर्णांक उलट बाजूनें भेटतो. गोल ओंडका मोजण्याची जुनी रीत अशी कीं दोरीनें मध्यावर घेर घ्यावा, त्या दोरीचे चार भाग करावे, एका भागाचा वर्ग करावा व त्याला लांबीनें गुणावें. या चौथाई घेराच्या रीतीचीं कोष्टकें इंग्लंडांत हॉपस नांवाच्या गृहस्थानें १७३६ सालीं छापलीं, आणि ती रीत इंग्रजी अमदानींत आपल्याकडील जंगलखात्यांत आली. ४४ इंच घेराचा, १२ फूट लांबीचा ओंडका घ्या. चौथाई ११ इंच, वर्ग १२१. खरें वर्तुळ मात्र ७ इंच त्रिज्येचें, म्हणजे १५४ चौरस इंच. चौथाईच्या रीतीनें ओंडका सुमारें १०.०८ घनफूट भरतो. खरोखरीच तो १२.८३ आहे. १२१ आणि १५४ यांचें प्रमाण पुन्हां ११ आणि १४! दोरीचा चौकोन केला म्हणजे वर्तुळापेक्षां जागा कमी वेढली जाते, आणि नेमकी तितक्याच प्रमाणांत कमी वेढली जाते. या रीतीला लबाडी म्हणूं नये. ओंडका कापून चौकोनी तुळई काढतांना फळकुटें व भुसा वायां जातो, त्याची ती वजावट आहे. पण आपल्या बांधावरचा साग विकणाराला ही वजावट आहे हें ठाऊक असावें, म्हणजे दर बोलतांना तो त्याप्रमाणें बोलेल.

दोरीच्या या गुणाचा फायदा आपल्या शेतकऱ्यांनीं कणगींत करून घेतला आहे. २२ फूट लांब व ४ फूट रुंद असा बांबूचा तट्टा वाटोळा उभा केला तर घेर २२ फूट, त्रिज्या साडेतीन, तळ ३८.५ चौरस फूट, आणि धान्य १५४ घनफूट राहतें. दोन तट्टे आहेत. त्यांच्या दोन कणग्या केल्या तर ३०८ घनफूट. एकावर एक ठेवून आठ फूट उंचीची एकच कणगी केली तरी ३०८ च. पण दोन्ही तट्टे शेजारीं शेजारीं जोडून ४४ फूट घेराची एक बसकी कणगी केली तर? त्रिज्या ७, तळ १५४, उंची ४, म्हणजे ६१६ घनफूट. तट्टे तेच, शेणाचा लेपही जवळजवळ तेवढाच, आणि धान्य दुप्पट. ज्या मुलाला हें पटत नसेल त्यानें दोन जुने पुठ्ठे व तांदूळ घेऊन आईच्या परवानगीनें करून पाहावें.

घेर दुप्पट झाला कीं तळ चौपट होतो, आणि तिन्ही मापें दुप्पट झालीं कीं घनफळ आठपट होतें. हें सूत्र पाठ असलेल्यांनाही फसवितें. ग्रीक लोकांत अशी कथा आहे कीं डेलॉस बेटावर सांथ आली असतां देवानें आपली घनाकृति वेदी दुप्पट करण्यास सांगितलें. लोकांनीं प्रत्येक बाजू दुप्पट केली. वेदी आठपट झाली व सांथ कांहीं हटली नाहीं. बाजू किती वाढवावी? सुमारें १.२६ पट, कारण १.२६ चा घन जवळजवळ २ आहे. ही लांबी नुसत्या पट्टी-कंपासानें नेमकी काढतां येईल काय, हा प्रश्न दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालला, आणि १८३७ सालीं वांत्झेल या फ्रेंच गणितज्ञानें ती तशी काढतां येणें अशक्य आहे असें सिद्ध केलें.

घनाच्या या वाढीचा धरणांच्या आंकड्यांशीं फार जवळचा संबंध आहे. पावसाळ्यांत वर्तमानपत्रें धरणांतील पाणी ‘टीएमसी’त देतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. अब्ज म्हटलें कीं डोळे फिरतात. पण हजार फूट लांब, हजार फूट रुंद व हजार फूट उंच अशी टाकी मनांत आणा. हजाराचा घन अब्ज, म्हणून ती टाकी बरोबर एक टीएमसीची. कोयनेच्या शिवसागर जलाशयाची क्षमता सुमारें १०५ टीएमसी आहे. तें सर्व पाणी एका घनाकृति टाकींत घालावयाचें तर तिची बाजू १०५ हजार फूट नव्हे, अवघी ४,७२० फूट, म्हणजे मैलाहूनही कमी लागेल.

पाण्याचाच आणखी एक हिशेब पालकांच्या उपयोगाचा आहे. आडव्या टाकीच्या टँकरांत काठी घालून पाणी मोजतात. टाकी उभी असती तर पाव उंचीला पाव पाणी, हें बरोबर होतें, कारण थर सारखे. आडवी निजलेल्या वृत्तचितींत थर सारखे नाहींत; तळाशीं ते अरुंद असतात. पाव उंचीपर्यंत पाणी असलें तर तें एकंदराच्या शेकडा १९.५५ च, म्हणजे पांचव्या हिश्श्याहूनही थोडें कमी असतें. दहा हजार लिटरांच्या टँकरांत काठी पाव भिजली तर अडीच हजार लिटर नव्हे, सुमारें १९५५ लिटर पाणी आहे. टँकराचें तोंड लंबवर्तुळाकार असलें तरी हाच हिस्सा येतो. निम्म्या उंचीला मात्र निम्में पाणी असतें, आणि काठीचा खरेपणा पटवून देणारा मनुष्य बहुधा तेवढेंच उदाहरण देतो.

शेवटीं रेतीविषयीं. १० फूट लांब, ६ फूट रुंद व १ फूट ८ इंच उंच अशी ट्रॉली बरोबर १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास भरते. मापें आंतून घ्यावीं. आणि बाजूची फळी १ फूट ६ इंचच असली तर नव्वदच घनफूट झाले, हें दोन इंचांत दिसत नाहीं पण पैशांत दिसतें. मात्र घनफळ हें जागेचें असतें, मालाचें नव्हे. कोरडी रेती किंचित् ओली झाली कीं पाण्याच्या पापुद्र्यामुळें कण एकमेकांपासून दूर राहतात व रेती फुगते. बारीक रेती असल्यास पांचव्या-चौथ्या हिश्श्यापर्यंतही फुगते. तीच रेती पाण्यानें पूर्ण भिजविली कीं पुन्हां खालीं बसते. म्हणून ट्रॉली शिगोशीग भरलेली असून मोजमाप चोख असलें तरी ब्रास पुरा असेलच असें नाहीं. बादलीभर ओली रेती घेऊन ती भिजवून खालीं बसूं द्यावी, आणि किती इंच उतरली तें पाहावें.

सुटींत करावयास तीन उदाहरणें देतों. पहिलें : ४४ सेंटिमीटर लांब व २२ सेंटिमीटर रुंद पत्र्याचा उभा व आडवा असे दोन डबे वळले तर कोणत्यांत तेल जास्त राहील व किती? (३३८८ व १६९४ घनसेंटिमीटर.) दुसरें : १० मीटर लांब व ६ मीटर रुंद जमीन झांकणाऱ्या उतरत्या छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, १.४ मीटर व्यासाच्या उभ्या टाकींत तें सर्व पाणी घेतलें तर किती उंचीपर्यंत येईल? (सुमारें ९७ सेंटिमीटर. छपराचा उतार मोजावा कीं नाहीं, याचा आधीं विचार करावा.) तिसऱ्याचें उत्तर आम्ही देत नाहीं : दोन इंच व्यासाच्या एका नळाऐवजीं एक इंच व्यासाचे दोन नळ बसवून देतों, असें कोणी म्हणाला, पाण्याचा वेग तोच धरला तर घेणारास किती पाणी कमी मिळेल?